भिंतीपलीकडचं लोणी

पुनमच्या हळदीला नऊ दिवस उरले होते. त्या सकाळी उमाबाईनं सिंधूची कापडी पिशवी भरून आणली आणि न्हाणीच्या ओट्यावर ठेवली. वर घडी घातलेली शाल, शालीवर पानाची डबी, आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी रबर लावून बाजूला खोचलेली. किती नीट भरली होती ती पिशवी... सिंधूच्या मनात आलं, माणसाला घालवायचं कामसुद्धा इतक्या मायेनं करता येतं.

"अक्का, देगलूरला जाऊन या," उमाबाई म्हणाली. ती सिंधूची धाकटी जाऊ, पुनमची आई. तिचे डोळे सिंधूच्या चेहऱ्यावर नव्हते, आंघोळीचं पाणी तापायच्या चुलवणातल्या राखेवर होते. "चन्नबसप्पाअण्णाला फोन केलाय मी. भावाकडं जरा बदल होईल तुम्हाला. लग्न झालं की हे येतील आणायला."

"हळदीला बी थांबू नको?"

"हळदीलाच तर..." उमाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, पुन्हा सोडलं. "त्या दिवशी पुनम डेऱ्यावर बसणार. अहमदपूरच्या, तिच्या सासरच्या बाया बघायला येणार. मला माझं लेकरू एकदा गमावून झालंय अक्का. तुम्हाला समजतं की."

सिंधूला समजत होतं. या घरची रीत जुनी होती: लेक सासरी जायच्या आधी, हळदीच्या दिवशी, उजाडायच्या आत तिनं माहेरचा डेरा घुसळायचा, सासरच्या बायकांदेखत लोणी काढायचं, पहिला गोळा आईच्या तळहातावर ठेवायचा आणि उरलेल्या ताकातलं वाटीभर विरजण सोबत न्यायचं. लोणी आलं तर लेक भरल्या हाताची. नाही आलं तर काय, हे कुणी बोलत नसे. बायका पदर सावरून गप उठत, एवढं पुरे होई.

"जाते," सिंधू म्हणाली. "एवढं चुलवण तेवढं राहू दे उमा. हळदीपतूर."

"मांडव इथंच पडणार हाय. आन छतावर सोलर बसलं, आता कुणाला पायजे ह्यो धूर? हे उद्या पाडणार हायत." उमाबाई किंचित हसली. "तुमची बी सुटका. पहाटे चारला उठून राख फुंकत बसता. आंघोळी सहाला, आन पाणी चारला. अर्ध्या गोवऱ्या तुम्हीच संपवल्या आमच्या."

सिंधूही हसली. चोवीस वर्षं ही थट्टा ऐकून तिला हसायची सवय झाली होती.

ती गेल्यावर सिंधूनं चुलवणामागच्या भिंतीवर तळवा टेकवला. मातीची, हातभर जाड भिंत. अजून उबदार होती. या भिंतीच्या पलीकडे, माजघराच्या कोपऱ्यात, घुसळखांबाला लागून घरचा डेरा होता. त्या कोपऱ्यात सिंधूनं चोवीस वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं.

ती तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. नवरा वीरण्णा विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला, त्याला दोन वर्षं झाली होती. पदरी मूल नव्हतं. रेणापूरजवळच्या या गावात सासर हेच तिचं घर उरलं होतं, आणि माणूस म्हणावं तर सासू, जिला सगळे अव्वा म्हणत. त्या मार्गशीर्षात धाकट्या दिराचं, मन्मथचं लग्न झालं आणि वीस वर्षांची उमा घरात आली. हाडानं बारीक, जरा मोठ्यानं कुणी बोललं की ओठ थरथरणारी.

अव्वांचे डेऱ्याचे नेम पुष्कळ होते. घुसळताना बोलायचं नाही. दिवेलागणीनंतर ताक बाहेर द्यायचं नाही. लोणी अडलं तर डेऱ्याखाली विळा ठेवायचा, मीठ-मिरची ओवाळायची. डेऱ्यात ऊन पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही, त्यानं लक्ष्मी पोळते. आणि नव्या सुनेनं पहिले पाच दिवस, उजाडायच्या आत, एकटीनं डेरा घुसळायचा. पाच दिवसांत लोणी दिसलं नाही तर तिला माहेरी धाडायचं. ‘पाय बदलून ये’ म्हणायचं. वरच्या आळीतली एक सून अशीच धाडली गेली होती. तिचे पाय बदलले की नाही कोण जाणे, ती परत आली नाही.

एरवी थंडीत अव्वा स्वतः उन्हं वर आल्यावरच डेऱ्याला हात लावत. पण परीक्षा पहाटेची होती. तीन पहाटा उमा घुसळत राहिली. फेस वर यायचा, मान टाकायचा, लोण्याचा कण नाही. तिच्या हातांना दोरीचे वळ उठले. तिसऱ्या दिवशी अव्वांनी तिच्या माहेरचा फोन नंबर मन्मथला विचारून घेतला.

सिंधूचं माहेर देगलूरचं. तिची आई धनुर्मासात डेऱ्यात बोट बुडवून बघायची आणि म्हणायची, बोटाला गार लागलं तर लोणी कसं येईल गं, ते बी गारठलंय की. मग तांब्याभर कोमट पाणी. चौथ्या पहाटे, उमा रवीची दोरी आणायला आत गेली तेवढ्यात, सिंधूनं तेच केलं. घटकाभरात उमाचा आवाज आला, "अक्का... अक्का, बघा की, आलं!" अव्वा उठून आल्या. नव्या सुनेला त्यांनी जवळ ओढून घेतलं. "हिच्या हाताला पहाटेचं लोणी हाय," त्या म्हणाल्या. "आता रोज पहाटेच घुसळायचं."

आणि रोज पहाटे, कुणी बघायच्या आत, सिंधूला तांब्या न्यावा लागला.

माघात एकदा उमाचा दोन महिन्यांचा गर्भ गेला. घर सुन्न झालं. तरी डेरा थांबवायचा नाही, म्हणून चौथ्या दिवशी अव्वांनी तिला पुन्हा दोरीपाशी बसवायचं ठरवलं. त्या पहाटे सिंधू डेऱ्यावर वाकलेली असताना मागून कंदिलाचा उजेड पडला.

"काय घातलंस डेऱ्यात?"

सिंधूच्या हातात रिकामा तांब्या होता. एक शब्द पुरला असता. पाणी, अव्वा, कोमट पाणी. पण त्या शब्दामागोमाग दुसरा आला असता: मग लोणी हिच्या हाताचं नव्हतंच. गर्भ गेलेली, डेऱ्याला न फळलेली सून... आतल्या खाटेवर ती पांढरीफटक पडली होती. तिला आता माहेरी धाडलं तर ती वरच्या आळीतल्या सुनेसारखी परत यायची नाही. आणि माझं काय, सिंधूला वाटलं, माझं आता काय जायचं राहिलंय?

ती काही बोलली नाही. तिचं गप्प राहणं घरानं कबुली मानलं. वांझ बाईनं भरल्या डेऱ्यावर आणि भरल्या पोटावर नजर धरली, काहीतरी बांधलं... उमानं खाटेवरून तिच्याकडे एकदाच पाहिलं. त्या नजरेत राग असता तर सिंधूनं तो सोसला असता. त्या नजरेत भीती होती.

त्याच दिवशी तिचं अंथरूण न्हाणीशेजारच्या खोलीत आलं. पुढच्या पंधरवड्यात शिवरात्र झाली, थंडी सरली, डेऱ्यात आपोआप लोणी येऊ लागलं, आणि गावाची खात्री पटली की सिंधूला दूर केलं म्हणूनच आलं.

पुढच्या मार्गशीर्षात मात्र भिंतीपलीकडून तीन पहाटा रवीचा तो घट्ट, फेसकट आवाज येत राहिला आणि चौथ्या पहाटे उमाच्या हुंदक्यांचा. सिंधू चुलवणापाशी बसून ऐकत होती. आत जायची तिला बंदी होती. पण दोन दिवसांपूर्वी अव्वा कुरकुरताना तिनं ऐकलं होतं, ‘हे मांजर सारखं डेऱ्यापाशी भिंतीला टेकूनच का निजतंय?’ तिनं भिंतीला हात लावला तर ऊब लागली... आणि त्या रात्रीपासून ती निजण्याआधी भिंतीच्या कडेला राखेत गोवऱ्या पुरून ठेवायला लागली. चारला उठून जाळ मोठा करायला लागली. दुसऱ्याच पहाटे पलीकडचा आवाज मध्येच पातळ झाला, डबक-डबक वाजला. लोणी फुटल्याचा आवाज. मग जाळ कमी करायचा आणि आंघोळीचं पाणी काढायचं.

एवढंच तिचं जगणं झालं होतं. पुनमचा जन्म तिनं भिंतीतून ऐकला, अव्वांचा शेवटचा श्वास भिंतीतून ऐकला. तान्ही पुनम तिच्या मांडीवर कुणी दिली नाही. आणि ‘उमाबाईच्या हाताला लोणी आहे’ म्हणून गावातल्या नव्या घरांतून तिला पहिला डेरा घुसळायला बोलावणी येत, तेव्हा उमा इरकल नेसून अंगणातून जाताना दिसे. सिंधूला बरं वाटे. खरंच बरं वाटे. फक्त अशा दिवशी तिला जेवण जात नसे.

दुपारी पुनम न्हाणीत आली. उदगीरला दुग्धशास्त्र शिकून ती महिन्यापूर्वी परतली होती आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीला तापमापी लावत होती. लहानपणी ती चुलवणासमोर येऊन बसायची, उमा हाक मारायची, ती उठून जायची. आता हाक आली तरी उठत नव्हती.

"मोठीआई, एक विचारू? खरं सांगायचं." तिनं वही उघडली. "बाहेर अंगणात पहाटे अकरा अंश. माजघरात चौदा. आणि आपल्या डेऱ्यातल्या दह्यात एकोणीस. सलग नऊ दिवस. दही घरापेक्षा गरम कसं?"

"मला काय कळतंय त्यातलं. तू शिकलेली."

"चुलवणामागच्या भिंतीला तापमापी लावली मी. तुम्ही चारला का उठता ते कळलं मला." ती हळू आवाजात म्हणाली. "म्हशीच्या दुधातली चरबी चौदा अंशाला दगड असते. फेस येतो, लोणी येत नाही. आईच्या हातात नाही ते. तुमच्या गोवऱ्यांत आहे."

चोवीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी भिंतीच्या या बाजूनं डेरा पाहिला होता... सिंधूनं पुनमचा हात धरला आणि मग सगळं सांगून टाकलं. तांब्या, अव्वा, कंदील. सांगताना ती रडली नाही, पुनम रडली.

"आता ऐक," सिंधू म्हणाली. "हळदीच्या दिवशी डेऱ्यात कोमट पाणी घाल, गुपचूप. बोट बुडवलं तर ना गार लागावं, ना ऊन. आन तुझ्या आईला ह्यातलं एक अक्षर सांगायचं न्हाई. माझी आण हाय."

"का? तिनं तुम्हाला चोवीस वर्षं..."

"तिच्यापाशी तेवढंच हाय गं. लोक म्हणतात उमाबाईच्या हाताला लोणी हाय. लेकरू गेलं, सासूनं लई बोलून घेतलं, त्या नावावर ती उभी राहिली. ते मी दिलेलं मी कशाला काढून घेऊ?"

पुनमनं वही मिटली. "सांगणार नाही," ती म्हणाली. "शब्दानं सांगणार नाही."

देगलूरला भावाचं घर भरलेलं होतं. चन्नबसप्पाची बायको चांगली होती, ताटात आग्रह करायची. नातवंडं मोबाइलमध्ये गुंग. शेजारी तेलुगूत भांडायचे आणि मराठीत समजूत काढायचे. सिंधूला कुणी काही कमी केलं नाही. पण चारला तिला जाग यायची. हात आपसूक राखेसाठी चाचपायचा. सिमेंटची भिंत थंड लागायची, आणि तिच्या पलीकडे कुणी काहीच घुसळत नसायचं, तिकडं शेजाऱ्याची मोटारसायकल उभी होती. ती अंगणात येऊन बसायची. आता तिकडं उमा बसली असेल. आता दोरी ओढली असेल. चुलवण पाडलं असेल... पुनमला बोटानं अंदाज येईल का? बोटाचा अंदाज वहीत लिहिता येत नाही.

वहिनी एकदा म्हणाली, "करमत न्हाई का वन्सं?"

"करमतंय की."

"मग उठून अंधारात काय ऐकत बसता?"



पाचव्या दिवशी दुपारी दारात उमाबाई उभी होती. एकटी. एसटीनं आली होती. केस सुटलेले, इरकल नाही, साधं पातळ. चन्नबसप्पाच्या बायकोनं पाणी दिलं ते तिनं हातात धरलं आणि प्यायचं विसरली. सिंधूनं बघितलं, तिच्या तळहातांवर दोरीचे वळ होते, कातडं सोललेलं. आणि नखांत ओली माती.

"लोणी येत न्हाई अक्का," ती म्हणाली.

घरातले समजून बाजूला झाले.

"पुनमला म्हणलं सराव कर. तिला न्हाई आलं. म्हणलं सर, मी बघते. मला न्हाई आलं. चार दिवस. विळा ठेवला, मीठ-मिरची ओवाळली. तुम्ही तर इथं देगलूरला, मग नजर कुणाची?" तिचा आवाज कोरडा होता. "पुनम काई बोलली न्हाई. नुसती म्हणली, आई, उद्या पहाटे न्हाणीत जाऊन चुलवण पेटव. म्हणलं, अर्धं पाडलंय त्याला. ती म्हणली, मग लिंप. तिनं माती मळून दिली, मी लिंपलं. रात्री गोवऱ्या पुरल्या, चारला उठले. धुरानं डोळे फुटायची येळ आली. आन आतून तिची रवी... तुम्ही ऐकलाय का कधी अक्का तो आवाज, भिंतीतून?"

"ऐकलाय," सिंधू म्हणाली.

"पातळ झाला एकदम. मी इथं न्हाई, तिथं न्हाई, राखेत बसलेली. आन मला कळलं की ह्या जागी रोज कोण बसत होतं." तिनं ग्लास खाली ठेवला. "त्या दिवशी तांब्यात काय होतं?"

सिंधू गप्प राहिली. गप्प राहण्याची तिला सवय होती.

"अक्का, मी तुमच्या पाया पडते, ह्यावेळी बोला. काय होतं?"

"पाणी," सिंधू म्हणाली. "कोमट."

"आन त्याच्या आधी? पहिल्या लोण्याच्या दिवशी?"

"तेच."

उमाबाई भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. "एका शब्दाचं काम होतं," ती म्हणाली. "का न्हाई बोललात?"

"बोलले असते तर तुला धाडलं असतं. तू लई बारीक होतीस गं... मला वाटलं, तू मरशील."

तेव्हा उमाबाई रडली. आवाज न करता, दोन्ही सोललेले तळहात मांडीवर उताणे ठेवून. "माझं लेकरू तुमच्या नजरेनं गेलं म्हणून मी चोवीस वर्षं तुम्हाला शिव्या दिल्या मनातून. पुनम रडायची तुमच्याकडं यायला, मी तिला चिमटे काढलेत. तिला एकदा बी तुमच्या मांडीवर... आता कुठून आणू मी ते दिवस अक्का? आता तर ती सासरी चालली."

गेलेले दिवस कुठून येतात? सिंधू तिच्याजवळ सरकली आणि तिच्या तळहातांवर हलकेच फुंकर घालत राहिली, जशी पूर्वी, त्या पहिल्या तीन दिवसांत, घालायची.

"तूप लाव ह्याला," ती शेवटी म्हणाली. "आन चल. शेवटची गाडी चुकल."

हळदीच्या पहाटे माजघरात अहमदपूरच्या सहा बायका सतरंजीवर बसल्या होत्या. डेऱ्याला विभूतीची बोटं ओढलेली, रवीला नवी दोरी. उमाबाईनं सिंधूला दंडाला धरून उंबऱ्याच्या आत आणलं. चोवीस वर्षांनी तो कोपरा तिला लहान वाटला.

"ह्या कोण?" नवऱ्या मुलाच्या आत्यानं विचारलं. तिनं सिंधूचं मोकळं कपाळ पाहिलं आणि शेजारणीकडे पाहिलं.

"ह्या थोरल्या," उमाबाई म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आमच्या घरात लोणी ह्यांच्यामुळं येतं. लोक माझं नाव घेतात, ते चुकीचं हाय. पुनमसंगं ह्याच बसणार."

"आन तुम्ही? आई नको का डेऱ्यापाशी?"

"मला दुसरं काम हाय," म्हणून ती बाहेर गेली.

पुनमनं तापमापी बाहेर काढली नाही. तिनं सिंधूकडे पाहिलं. सिंधूनं करंगळी दह्यात बुडवली आणि मान हलवली. दोरी फिरू लागली. घर्र... घर्र... फेस वर आला. आणि मग भिंतीतून, अगदी अस्पष्ट, सिंधूला पलीकडचा आवाज यायला लागला. फुंकणी. खोकला. गोवरी मोडल्याचा आवाज. पुन्हा फुंकणी. तिला पहिल्यांदा कळलं की भिंत दोन्ही बाजूंनी ऐकते, आणि आतल्या माणसांना हा खोकला चोवीस वर्षं ऐकू येत असणार; त्यांनी फक्त कान दिला नव्हता.

मग रवीखालचा आवाज पातळ झाला. डबक-डबक. आत्याबाई पुढे वाकल्या. पुनमनं दोन्ही हात बुडवून पांढरा गोळा वर काढला, आणि रीतीप्रमाणे आईचा तळहात शोधला.

"दे इकडं," सिंधू म्हणाली. "मी नेते."

गोळा ओंजळीत घेऊन ती घराला वळसा घालून न्हाणीत आली. उमाबाई चुलवणासमोर उकिडवी बसली होती. तोंडाला राख, डोळे लाल. तिनं मान वर केली.

"आलं का?"

"तुला ऐकू आलं न्हाई व्हय भिंतीतून?"

"आलं ऐकू," उमाबाई म्हणाली. "तरी कुणीतरी येऊन सांगावं वाटतं." आणि बोलता बोलता तिचा चेहरा मोडला. "तुम्हाला कुणीच आलं न्हाई सांगायला, न्हाई का अक्का..."

सिंधूनं तिचा सोललेला तळहात उघडला, त्यावर लोण्याचा गोळा ठेवला आणि तिची बोटं एकेक करून मिटली.

"आलं, उमा," ती म्हणाली. "लोणी आलं."